काउंटीचं शिक्षण खातं बंद करताय? हिशेबातल्या या चुका टाळा

ह्यूस्टनच्या सायप्रेस भागात घर असेल, तर प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात हॅरिस काउंटी, फ्लड कंट्रोल, पोर्ट ऑफ ह्यूस्टन, हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट अशा ओळींबरोबर आणखी एक छोटी ओळ दिसते: हॅरिस काउंटी डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशन. करपात्र किमतीच्या दर १०० डॉलरमागे साधारण अर्धा सेंट. केटीत राहत असाल तर आधी काउंटी तपासा. केटीचं स्कूल डिस्ट्रिक्ट एकच असलं तरी गाव तीन काउंट्यांत पसरलंय, आणि फोर्ट बेंडच्या हद्दीतल्या घराच्या बिलात ही ओळ नसतेच.

हे खातं १८८९ पासूनचं. ते नेहमीच्या शाळा चालवत नाही. ते काम स्कूल डिस्ट्रिक्टचं. खात्याकडे थेरपी सेवा, वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांच्या खास शाळा, हेड स्टार्ट (गरीब घरातल्या लहान मुलांसाठी केंद्राची शाळापूर्व योजना), प्रौढ शिक्षण, शाळा सुटल्यानंतरचे वर्ग आणि सामायिक खरेदीची योजना आहे. ते बंद करा, अशी विधेयकं ऑस्टिनमध्ये, म्हणजे टेक्ससच्या विधिमंडळात, अधूनमधून येतात. मग दोन्ही बाजू आकडे फेकतात आणि दोन्हीकडे तोच हातचा राहून जातो.

चूक १: घराच्या बाजारभावावर बचत काढणं

टेक्ससमध्ये प्रत्येक कर आकारणाऱ्या संस्थेची होमस्टेड सूट, म्हणजे स्वतः राहत्या घराला मिळणारी करसवलत, वेगळी असते. स्कूल डिस्ट्रिक्टसाठी राज्यानं ठरवलेली मोठी सूट इथे लागू होत नाही, त्यामुळे शाळेच्या ओळीतली करपात्र किंमत उचलून इकडे वापरू नका. बिलात याच खात्याच्या ओळीसमोरची किंमत घ्या, १०० नं भागा, दरानं गुणा. किंमत ३,२०,००० डॉलर आणि दर अर्धा सेंट असेल, तर वर्षाला १६ डॉलर. बचतीची वरची मर्यादा इतकीच. खरी बचत यापेक्षा कमी का, ते पुढे येतंय.

चूक २: करालाच अंदाजपत्रक समजणं

खात्याच्या जमेत मालमत्ता करापेक्षा इतर पैसा जास्त आहे: केंद्राची अनुदानं, डिस्ट्रिक्ट मोजत असलेली सेवांची फी, खरेदी योजनेतून विक्रेत्यांकडून येणारं शुल्क. खातं गेलं की या चार प्रवाहांचं चार प्रकारे होतं. सेवांच्या फीचं काय होतं, ते चूक ३ मध्ये येतंय; बाकी तीन इथे.

कर थांबतो, निदान कागदावर. खरेदीचं शुल्क सरळ बुडतं, कारण ते या दुकानाचंच उत्पन्न होतं. हेड स्टार्टचा पैसा बुडत नाही आणि काउंटीकडेही जात नाही. केंद्र तात्पुरता व्यवस्थापक नेमतं आणि नव्या संस्थेसाठी पुन्हा अर्ज मागवतं. मात्र येणाऱ्या संस्थेला एकूण खर्चाच्या २० टक्के वाटा बिगरकेंद्रीय स्रोतातून दाखवावा लागतो, मग तो रोख असो, जागा असो वा स्वयंसेवकांचे तास. आज त्यातला किती भाग खातं उचलतं, हे न पाहता ‘केंद्राचा पैसा तर येणारच’ म्हणणं घाईचं आहे. शिवाय अनुदानातून लेखा आणि मनुष्यबळ विभागाचा काही खर्च अप्रत्यक्ष खर्च म्हणून वसूल होतो. कार्यालय बंद पडलं की खर्चाबरोबर ही वसुलीही जाते, त्यामुळे ‘प्रशासनावरची बचत’ पूर्ण धरायची नाही.

खात्याच्या समर्थकांची चूकही याच जागी होते. ‘एक डॉलर करामागे अमुक डॉलरच्या सेवा’ हे गणित ऐकायला छान, पण त्यात डिस्ट्रिक्टनं भरलेली फी धरलेली असते. ती फीसुद्धा त्याच घरमालकाच्या शाळेच्या करातून आलेली. एकच पैसा दोनदा मोजला, की कुठलंही खातं सोन्याचं दिसतं.

चूक ३: सेवा थांबली म्हणजे खर्च थांबला

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. विशेष गरजा असलेल्या मुलाच्या शैक्षणिक आराखड्यात ऑक्युपेशनल थेरपी लिहिलेली असेल, तर केंद्राच्या आयडीईए कायद्यानं ती द्यावीच लागते. देणारं खातं राहिलं नाही, ही सबब चालत नाही.

आता एका लहान डिस्ट्रिक्टचं उदाहरण मांडून पाहा. १२ मुलं, प्रत्येकी आठवड्याला ३० मिनिटं, म्हणजे ६ तास. नोंदी, बैठका आणि शाळा ते शाळा गाडी चालवणं धरून दीड ते दोन दिवस. आज तेवढेच दिवस खात्याकडून विकत घेता येतात. उद्या पर्याय दोन: पूर्णवेळ थेरपिस्ट नेमा आणि तीन दिवस बसवून ठेवा, किंवा खाजगी एजन्सीला तासाचा दर द्या. मोठ्या डिस्ट्रिक्टला फारसा फरक पडत नाही, त्यांच्याकडे पूर्ण आठवड्याचं काम असतंच. म्हणून काउंटीची सरासरी काढू नका, डिस्ट्रिक्टवार रकाने करा. सरासरीत लहान डिस्ट्रिक्ट दिसेनासे होतात.

आणि हा जादा पैसा डिस्ट्रिक्ट आणणार कुठून? त्यांचा दैनंदिन खर्चाचा कर राज्याच्या सूत्रानं बांधलेला आहे. ठराविक मर्यादेपलीकडे दर न्यायचा तर मतदान घ्यावं लागतं. सधन डिस्ट्रिक्टनं दर वाढवला, तरी त्यातले काही सेंट ‘रॉबिन हूड’ वसुलीखाली, म्हणजे सधन डिस्ट्रिक्टकडून जादा कर काढून घेण्याच्या नियमानं, राज्याकडे जाऊ शकतात. म्हणजे एक डॉलर हाती पडायला एकाहून जास्त गोळा करायचा. बहुतेक वेळा कर वाढत नाही, दुसरीकडचा एखादा शिक्षक कमी होतो. ते नुकसान कुठल्याच बिलावर छापून येत नाही.

चूक ४: कर्ज विसरणं

यासाठी डॅलसचं उदाहरण पुरेसं आहे. ‘डॅलस काउंटी स्कूल्स’ ही तिथली संस्था अनेक डिस्ट्रिक्टच्या बसगाड्या चालवायची. बसवर लावलेल्या कॅमेऱ्यांच्या व्यवहारात ती आर्थिक गोत्यात आली, आणि ७ नोव्हेंबर २०१७ ला मतदारांनी संस्था बंद केली. माजी प्रमुखानं लाच घेतल्याचं पुढे २०१८ मध्ये कबूल केलं. भ्रष्टाचार पाहता निकाल समजण्यासारखा होता. पण १०० डॉलरमागे १ सेंटचा कर दुसऱ्या दिवशी गेला नाही. कर्ज फिटेपर्यंत तो चालू ठेवण्याची तरतूद कायद्यातच होती. विसर्जन समितीनं ते शालेय वर्ष पार पाडलं. डॅलस आयएसडीला, म्हणजे तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टला, स्वतःचा बस विभाग उभा करावा लागला. म्हणजे काही काळ घरमालक बंद झालेल्या संस्थेचा करही भरत होते आणि बसचा खर्चही.

त्यामुळे वार्षिक लेखापरीक्षण अहवाल उघडून आधी तीन गोष्टी शोधा: रोखे आणि भाडेपट्ट्यावरचं कर्ज, कर्मचाऱ्यांच्या साठलेल्या रजेचे पैसे, मुदत न संपलेले करार. यांची बेरीज पहिल्या काही वर्षांच्या बचतीतून वजा करा. इमारती विकून येणारा पैसा एकदाच येतो, तो दरवर्षीच्या बचतीत मिसळू नका.

चूक ५: कॅलेंडर न पाहणं

टेक्सस विधिमंडळाचं नियमित अधिवेशन विषम वर्षी, जानेवारीपासून १४० दिवस चालतं. बरेच कायदे १ सप्टेंबरला लागू होतात. ज्या डिस्ट्रिक्टचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यांचं अंदाजपत्रक ३० जूनपर्यंत मंजूर झालेलं असतं. अधिवेशन संपल्यापासून तोवर जेमतेम महिना, तेवढ्यात थेरपिस्ट नेमायचे कधी? विधेयक वाचताना संक्रमणासाठी किमान एक पूर्ण शालेय वर्ष दिलंय का, ते पाहा.

चूक ६: फिस्कल नोटचं पहिलं वाक्य वाचून थांबणं

फिस्कल नोट म्हणजे विधेयकाचा आर्थिक परिणाम सांगणारं, विधिमंडळाच्या लेजिस्लेटिव्ह बजेट बोर्डाचं टिपण. त्यात वर लिहिलेलं असतं ते राज्याच्या तिजोरीबद्दल. ‘राज्यावर लक्षणीय परिणाम नाही’ याचा अर्थ डिस्ट्रिक्टवर परिणाम नाही, असा होत नाही. स्थानिक संस्थांवरचा परिणाम खाली वेगळ्या परिच्छेदात असतो, कधी दोनच ओळींत. विधेयक दुरुस्त झालं की टीपही नवी निघते. हातात समितीपुढची जुनी प्रत आहे की सभागृहानं मंजूर केलेल्या मसुद्यावरची, हे वरच्या तारखेवरून ताडून घ्या.