एकॉर्न आर१४० सुरू करताय? या चुका टाळा

१९८९ साली युनिक्स वर्कस्टेशनच्या (युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या ताकदवान संगणकाच्या) आत बहुतेकदा मोटोरोला ६८०००च्या कुळातली प्रोसेसर चिप असायची, नाहीतर स्पार्क किंवा मिप्स. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं आपल्या आर१४० या वर्कस्टेशनमध्ये घरचीच चिप बसवली: ८ मेगाहर्ट्झची आर्म २. आज जवळपास प्रत्येक फोनमध्ये याच चिपचे वंशज आहेत, त्यामुळे जुनी मशीनं जमवणाऱ्यांना आर१४० ओळखीचं वाटतं आणि गफलत तिथूनच सुरू होते. हे आतून एकॉर्नचाच आर्किमिडीज ४४० संगणक, त्यावर ४.३ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीवर आधारलेलं एकॉर्नचं युनिक्स, रिस्क आयएक्स. रास्पबेरी पाय या आजच्या छोट्या आर्म संगणकाचे किंवा सन कंपनीच्या वर्कस्टेशनचे आडाखे इथं लागू होत नाहीत.

डिस्क मेली असं ठरवून ती उघडणं

थांबा, आधी बॅटरी बघा. मशीनच्या सेटिंग्ज सीमॉस या छोट्या मेमरीत असतात आणि तिला साध्या पेन्सिल सेलवर जिवंत ठेवलेलं असतं. सेल संपले की सेटिंग्ज उडतात आणि धडधाकट हार्ड डिस्कही रिस्क ओएसला, म्हणजे आर्किमिडीजच्या मूळ ऑपरेटिंग सिस्टिमला, दिसेनाशी होते. मशीन आधी रॉममधल्या रिस्क ओएसमध्येच उठतं, युनिक्स त्यानंतर. म्हणून रिस्क ओएसच्या स्टार (*) प्रॉम्प्टवर ‘स्टेटस’ कमांड देऊन हार्ड डिस्कची संख्या शून्य तर नाही ना, ते पाहा. असेल तर ‘कॉन्फिगर हार्डडिस्क्स १’ देऊन रीसेट करा. डिलीट की दाबून धरून मशीन चालू केलं तरी सीमॉस पुसला जातो, त्यामुळे हा उपाय ऊठसूट करू नका. करायचाच झाला तर आधी सगळ्या सेटिंग्ज वहीत उतरवून घ्या.

गळलेले सेल पावसाळ्याच्या दमटपणात आणखी घाण करतात. मशीन ठेवून द्यायचं असेल तर सेल काढूनच ठेवा.

सीमॉस पुसल्यावर तारीखही पाहून घ्या. घड्याळाच्या चिपमध्ये वर्षासाठी दोनच बिट आहेत, पूर्ण वर्ष रिस्क ओएस वेगळं लिहून ठेवतं. ते चुकलं की फायलींवर भलत्याच तारखा पडतात, आणि तारखा पाहून बदललेला कोडच कंपाइल करणारा ‘मेक’ प्रोग्राम एकतर सगळं पुन्हा कंपाइल करत बसतो किंवा काहीच करत नाही.

संथपणाचं खापर आर्मवर फोडणं

आर्म २ त्या काळच्या मानानं चपळच होती. खरी अडचण शेजारी बसलेल्या मेमसी या मेमरी कंट्रोलरची. तो भौतिक मेमरीची फक्त १२८ पानं सांभाळतो. या मशीनची ४ मेगाबाइट रॅम भागिले १२८, म्हणजे एकेक पान ३२ किलोबाइटचं! चिमुकल्या प्रोग्रामलाही कोड, डेटा आणि स्टॅक यांसाठी निदान तीन पानं लागतात, म्हणजे ९६ किलोबाइट गेले. त्यातच युनिक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा वाटा. शिवाय एक भौतिक पान एका वेळी एकाच लॉजिकल पत्त्यावर दिसू शकतं, त्यामुळे एकच कोड दोन प्रोसेसना वाटून द्यायचा तर कर्नलला पत्ते सतत बदलत बसावं लागतं. डिस्कवरची जागा वाचावी म्हणून एकॉर्ननं प्रोग्राम फायली आकुंचित करून ठेवल्या. ही युक्ती मला फार आवडते, पण रॅमची टंचाई तिनं मिटत नाही.

तेव्हा एक्स विंडो या युनिक्सच्या खिडक्यांच्या प्रणालीवर घड्याळ, कॅलेंडर आणि चार टर्मिनल उघडून डिस्क का खडखडतेय असं विचारू नका. एक टर्मिनल पुरे. कंपाइल करायचं तर एक्स बंदच ठेवा. आणि फ्लोटिंग पॉइंटची (दशांश अपूर्णांकांची) गणितं सॉफ्टवेअर इम्युलेटर करतो, हे वेग मोजताना ध्यानात असू द्या.

‘आर्मच आहे ना’ म्हणून आजचा बायनरी (तयार कंपाइल केलेला प्रोग्राम) चढवणं

चालणार नाही. आर्म २ मध्ये पत्ते २६ बिटांचे आहेत, आणि आर१५ या एकाच रजिस्टरमध्ये (चिपमधल्या छोट्या साठ्यात) प्रोग्राम काउंटर, म्हणजे पुढच्या सूचनेचा पत्ता, आणि स्टेटस फ्लॅग दोन्ही कोंबलेले आहेत. अर्धा वर्ड (१६ बिट) वाचण्या-लिहिण्याच्या सूचनाही तिच्यात नाहीत.

सोर्स कोड आणून इथंच कंपाइल केला तरी दोन सापळे उरतात. चारच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून वर्ड वाचला तर ही चिप कुरकुर न करता बाइट फिरवून हाती देते. प्रोग्राम पडत नाही, नुसतं उत्तर चुकतं. व्हॅक्स या जुन्या संगणकांवर वाढलेल्या कोडमध्ये हे हमखास सापडतं. दुसरा सापळा असा की आर्मवर सी भाषेतला ‘चार’ (char) हा प्रकार सहसा अनसाइन्ड असतो, म्हणजे त्यात उणे संख्या मावत नाही. एकेक अक्षर वाचणाऱ्या ‘गेटचार’चं उत्तर ‘चार’मध्ये ठेवून उणे एकशी ताडणारं लूप मग कधीच संपत नाही. मशीन गोठलं असं वाटलं की आधी हे शोधा आणि त्या व्हेरिएबलचा प्रकार ‘इंट’ करा.

थेट स्विच बंद करणं

आर्किमिडीजवाल्यांची ही जुनी सवय. रिस्क ओएसमध्ये खपून जाते, पण इथं खाली युनिक्सची फाइल सिस्टिम आहे. ‘शटडाउन’ द्या, डिस्क शांत होऊ द्या, मग बटण. नाहीतर पुढच्या वेळी डिस्क तपासणाऱ्या ‘एफएससीके’ (fsck) प्रोग्रामचे प्रश्न सोडवत बसा.

इंग्लंडहून मशीन मागवलं तर विजेसाठी ट्रान्सफॉर्मर नको, दाब आपल्यासारखाच आहे. चौकोनी पिनांच्या त्यांच्या प्लगमध्ये फ्यूज असतो. प्लग कापून आपला लावलात तर तो फ्यूजही जातो, म्हणून अॅडाप्टर वापरा, आणि अर्थिंग नक्की लागतंय ना ते तपासा.