शिकाऱ्याची पाठ

शिकाऱ्याचंच सावज होतं अशी गोष्ट लिहायचीय, म्हणून गेल्या दोनेक वर्षांत चार-पाच पोरांनी मला गाठलं. एक ब्रह्मपुरीच्या कॉलेजातला, एक पोलीस भरतीची तयारी करता करता लिहिणारा, एक मुलगी गोंदियाकडची. सगळ्यांच्या कथेत पहिल्या पानावर बंदूक, शेवटच्या पानावर वाघाची झडप आणि मधे नुसती धावाधाव. मी काही मोठा लेखक नाही. अकरा कथा छापून आल्या, झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दोन नाटकं लागली, त्यातलं एक सपशेल पडलं. पण या एका प्रकारात मी इतक्या चुका केल्यात की निदान त्या सांगण्याचा तरी मला अधिकार आहे.

माझी पहिली कथा एका बेटावर घडायची. मी तोवर समुद्रही पाहिला नव्हता. आमच्या नागभीड तालुक्यात बेट म्हणजे उन्हाळ्यात मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारांनी (गावच्या जमीनदारांनी) बांधलेल्या तळ्यात, उघडी पडणारी टेकाडं, त्यांवर म्हशी बसतात. पण १९२४ साली रिचर्ड कॉनेल नावाच्या अमेरिकन लेखकानं बेटावर माणसांची शिकार करणाऱ्या शिकाऱ्याची गोष्ट लिहिली, आणि तेव्हापासून जगभर त्या बेटाच्या नकला निघतायत. त्यात माझीही एक. संपादकांनी ती परत पाठवली, सोबत एकच ओळ : ‘तुमचा शिकारी पळतो खूप, पण भ्यालेला दिसत नाही.’

राग आला. कारण भिणं मला चांगलं माहीत होतं, फक्त ते मी कथेत आणलं नव्हतं.

दिवाळीच्या आसपास धान लोंबीवर असतो तेव्हा रानडुकरांसाठी जागलीला जावं लागतं. मी एकोणीस वर्षांचा असताना मोठेबाबांसोबत माळ्यावर होतो. मध्यरात्रीनंतर बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, अंगाला खसखस ऐकू आली. मोठेबाबा झोपलेले. मी टॉर्च आणि काठी घेऊन खाली उतरलो, धुऱ्या-धुऱ्यानं, बांधावरून, बोडीपर्यंत गेलो, दोन हाका मारल्या, डबा बडवला, डुकरं पळाली. परत येताना छाती अशी फुगलेली की विचारू नका. सकाळी त्याच धुऱ्यावर ओल्या चिखलात माझ्या चपलेचे ठसे होते, आणि त्यांच्यावर वाघाचे. पंचवीस-तीस पावलं तो माझ्या मागे चालला होता. मग रायमुनियाच्या झुडपांकडे वळला होता. मोठेबाबा उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले.

“तुले वाघ नाही दिसला गा,” ते म्हणाले. “त्याले मात्र तू दिसला.”

भरउन्हात माझे पाय लटपटले. वाघानं काहीही केलं नव्हतं. रात्री मी शिकारी होतो आणि सकाळी कळलं की तेव्हाच मी सावजही होतो. मधे सहा तास गेले, बस. या प्रकारच्या कथेची सगळी गंमत त्या सहा तासांत आहे. उलटापालट झडपेनं होत नाही. आपल्याला कुणीतरी कधीपासून पाहतंय हे शिकाऱ्याला कळतं, तेव्हा होते. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यामागे जिम कॉर्बेट होता तेव्हा बिबट्याही त्याच्या मागावर असायचा, हे त्यानंच लिहून ठेवलंय. सरकारी हिशेबानं १२५ माणसं खाल्लेला तो बिबट्या १९२६ मध्ये मेला. पण वाचणाऱ्याच्या लक्षात राहतात ते त्याचे मागोमाग आलेले पंजे.

म्हणून मी पोरांना म्हणतो, बंदूक नंतर लिहा, आधी शिकाऱ्याची पाठ लिहा. समोर पाहणाऱ्या माणसाची पाठ उघडी असते. वाघ मागून येतो. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे मोहफुलं वेचायला जातात, नंतर तेंदूपत्ता तोडायला. दोन्ही कामं वाकून करायची. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटतच असेल असं नाही. सत्तर पानांचं एक पुडकं, अशी पुडकी बांधायची म्हणजे किती वेळ मान खाली राहते, ते एकदा स्वतः करून पाहा. एका सकाळीच मानेमागे मुंग्या येतात. त्या मुंग्या म्हणजे तुमचा पहिला परिच्छेद.

दुसरी गोष्ट मला उशिरा समजली : शिकाऱ्याला त्याचंच कसब गोत्यात आणलं पाहिजे. अपघातानं पाय घसरला, बंदूक अडकली, नेमका पाऊस आला, हे वाचकाला पटत नाही. पटलं तरी त्याला शिकाऱ्याची नुसती कीव येते. आपल्या जुन्या कथा यात फार पक्क्या आहेत. दशरथाला शब्दवेध येत नसता तर श्रावणबाळ वाचला असता. घागर बुडण्याच्या आवाजावर बाण लागला तो राजा चांगला धनुर्धर होता म्हणूनच, आणि त्या बाणानं पुढे त्याचाच जीव घेतला, पुत्रशोकानं. पंडूचंही तेच, हरिणाच्या रूपातल्या ऋषीवर बाण टाकला आणि शाप घेऊन बसला. साहेबाच्या कथेत शिकाऱ्याच्या मागे कुणी धावतं; आपल्याकडे कुणी धावत नाही, शाप मागे लागतो आणि वर्षानुवर्षं वाट पाहतो. आजी मार्कंड्याच्या जत्रेला निघताना शिवरात्रीच्या व्याधाची कथा सांगायची. बेलाच्या झाडावर रात्रभर दबा धरून बसलेला तो, झोप येऊ नये म्हणून पानं तोडून खाली टाकतो आणि ती पिंडीवर पडत राहतात. शिकाऱ्याचं जागरणच त्याला पकडतं. याहून चांगलं कथानक मला तरी सुचलेलं नाही.

माझी छापून आलेली पहिली कथा यातूनच निघाली, बेट वगैरे सोडून दिल्यावर. डुकरांसाठी वावराभोवती तार लावून तिच्यात वीज सोडणं हा गुन्हा आहे. त्यात वाघ मेलेत आणि माणसंही मेलीत, तरी ते होतं. माझा नायक तशी तार लावणारा. शेतीच्या विजेची पाळी त्याला तोंडपाठ : लाइन कधी येते, कधी जाते. त्या हिशेबानंच तो तार टाकतो नि उचलतो, आणि या हुशारीचा त्याला गर्व आहे. एका आठवड्यात पाळी बदलते. वायरमनचा निरोप गावाच्या ग्रुपवर आलेला असतो, पण याचा फोन घरी चार्जिंगला. अंधारात तो तार गुंडाळायला जातो, ओलांडून आत उतरतो, आणि तेवढ्यात शेजारच्या वावरातली ऑटोवरची मोटार आपोआप सुरू होते. लाइन आलीय. आता तार चारही बाजूंनी जिवंत, ती नेमकी कुठे ते अंधारात दिसत नाही, बांधीत घोटाभर पाणी, आणि धानात काहीतरी हलतंय. उजाडेपर्यंत त्याला जागच्या जागी उभं राहायचंय. कथेत वाघ नाही, बंदूक नाही, धावणं तर नाहीच. मोटारीचा आवाज लिहिताना मात्र माझे हात गार पडले होते.

काळ कोणता घेताय तेही आधी ठरवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे वाघाच्या मागे बंदूक घेऊन फिरणारा माणूस एकतर चोरटा शिकारी असतो, नाहीतर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आदेशानं आलेला. शौकीन, पिळदार मिशांचा शिकारी आणायचाच असेल तर मालगुजारीच्या काळात जावं लागेल, आणि तिथे गेलात तर मचाणावर बसू नका, हाकाऱ्यात उतरा. ढोल-डबे घेऊन रान उठवणारी माणसं रिकाम्या हातानं चालायची. मागे फिरायची सोय नाही, पुढे वाघ आणि त्याच्याही पुढे मालगुजाराची बंदूक. सावज कोण, हा प्रश्न तिथे विचारावाही लागत नाही. यावर अजून कुणी धड लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मीही अर्ध्यात सोडलंय, कुणाला हवं तर घ्या.

रानाचे तपशील चुकले की आमच्याकडचा वाचक तिथेच अंक मिटतो. वाघाच्या ठशात नखं उमटत नाहीत. नखं दिसली तर कुत्रं असेल किंवा तरस. दबा धरलेला वाघ डरकाळी फोडत नाही. चितळ कशालाही बिचकून ओरडतं, पण सांबर ओरडलं तर वाघ जवळ आहे असं धरून गुराखी गुरं वळवतो. हे पुस्तकातून उचलू नका, गुराख्यासोबत चार दिवस जा. चितमपल्लींच्या लेखनातलं जंगल खरं वाटतं, कारण वनखात्याच्या नोकरीत त्यांचं आयुष्यच रानात गेलं होतं.

एक सांगतो, थोडं कडू आहे. अवनी वाघिणीवर कथा लिहिणारे मला दरवर्षी भेटतात. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात मारली गेली. मोहिमेत कॅमेरे होते, हत्ती होते, अत्तराचं आमिषसुद्धा होतं. शिकार कोण आणि शिकारी कोण हे तिथे इतकं उलटसुलट झालं होतं की लिहिणाऱ्याचा हात शिवशिवणारच. लिहा. पण त्या तेरा माणसांची घरं अजून त्याच गावांत आहेत आणि तिथेही दिवाळी अंक जातात. मी त्या भागातल्या एका घरी पाणी प्यायलो आणि माझा तीस पानांचा मसुदा फाडला.

व्यवहाराचं थोडक्यात. दिवाळी अंकाला कथा पाठवायची तर पाऊस लागता लागता पाठवा, गणपतीत पाठवून उपयोग नाही. मानधन विचारायला लाजू नका. ऐकायच्या कथांच्या एका ॲपसाठी मी सहा भाग लिहिले, त्याचे पैसे आजही यायचेत. तेव्हा लेखी घ्या.

आता ते पडलेलं नाटक. वडशाच्या एका मंडळीनं ते मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, हंगामात लावलं होतं. तिसऱ्या अंकात शिकाऱ्यावर वाघ झेप घेतो, म्हणून कातडं पांघरलेला माणूस विंगेतून आला. रात्रीचे दोन वाजलेले. त्याची शेपटी पडद्याच्या दोरीत अडकली, लोक हसून हसून लोळले आणि शिकारी मेला तरी हसणं थांबेना. मी कनातीमागे तोंड लपवून बसलो होतो.

पुढच्या वर्षी तोच अंक मी नव्यानं लिहिला. वाघ काढून टाकला. दिवे मंद, शिकारी एकटा, आणि माइकवरून फक्त वानरांचा खकार, आधी रंगमंचाच्या डावीकडून. मग आम्ही एक भोंगा प्रेक्षकांच्या पाठीमागे, शेताच्या कडेला लावला होता, तिकडून सांबर ओरडलं. एकदाच. शिकाऱ्यानं प्रेक्षकांकडे पाहिलं, म्हणजे त्यांच्या पाठीमागे पाहिलं. हजारभर माणसं एकदम मागे वळली.

पहाटे नाटक सुटलं तेव्हा कुणी एकटं निघेना. तीन-चार कोसांवरची गावं, मधे रान. टॉर्च गोळा करून लोक घोळक्यानं चालू लागले. एक म्हातारी काठी टेकत माझ्याजवळ आली.

“तूच लिहिला ना हा नाटक?”

“हो, आजी.”

“मंग चाल आता. घरलोक पोचवून दे मले. आन् मांगं तू चाल.”