डब्ल्यू-२ मधला डीडी आणि हेल्थ इन्शुरन्स: टॅक्स भरायच्या आधीची तयारी

जानेवारी संपत आला की अमेरिकेतल्या नोकरदारांच्या हातात डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा फॉर्म, पडतो, आणि पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास बॉक्स १२ पाशी अडकतो, कारण तिथे डीडी असा कोड असतो आणि त्यापुढे वीस-पंचवीस हजार डॉलरचा आकडा. एवढे पैसे मला कधी मिळाले, आता यावर टॅक्स भरायचा का? नाही, अजिबात नाही. कंपनीतर्फे घेतलेल्या हेल्थ इन्शुरन्सचा वर्षाचा पूर्ण खर्च तो, कंपनीने भरलेला हिस्सा आणि तुमच्या पगारातून कापलेला हिस्सा दोन्ही मिळून. तो फक्त माहितीसाठी छापतात. २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टने हे छापायला लावलं आणि २०१२ च्या डब्ल्यू-२ पासून ते दिसायला लागलं, हेतू एवढाच की विमा नक्की केवढ्याला पडतो ते लोकांना कळावं. आणि कळायलाच हवं, कारण २०२४ मध्ये फॅमिली प्लॅनचा सरासरी खर्च २५,५७२ डॉलर होता आणि त्यातला बराच मोठा भाग आपल्याला पगाराच्या स्लिपवर धड दिसतसुद्धा नाही.

डीडी टॅक्समध्ये धरत नाहीत म्हणून ही सगळी भानगडच सोडून द्यायची, असं मात्र करू नका. डीडीच्या आजूबाजूचे कोड आणि बॉक्स यांच्यात खरे पैसे असतात, म्हणून रिटर्न भरायला बसायच्या आधी थोडी जमवाजमव करा.

सगळ्यात आधी डिसेंबरची शेवटची पेस्लिप काढा, ज्यात वर्षभराची बेरीज असते, आणि ती डब्ल्यू-२ च्या शेजारी ठेवा. त्यात मेडिकलचा हप्ता प्रीटॅक्स कपातीखाली (टॅक्स लागायच्या आधी कापलेला) आहे का पोस्टटॅक्सखाली (टॅक्स लागल्यावर) ते बघा, बहुतेक ठिकाणी प्रीटॅक्स असतो पण गृहीत धरू नका. उदाहरण घ्या, पगार १,२०,००० डॉलर, ४०१-के मध्ये (निवृत्तीसाठीच्या बचतीत) १०,००० टाकले, विम्याचा हप्ता ६,००० कापला गेला आणि एचएसएमध्ये (औषधोपचारासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) पगारातून ३,००० गेले. मग बॉक्स १ मध्ये, म्हणजे इन्कम टॅक्ससाठी धरलेल्या पगारात, १,०१,००० यायला हवेत. बॉक्स ३ आणि ५ मध्ये १,११,०००, कारण ४०१-के च्या पैशावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (पेन्शन आणि म्हातारपणच्या आरोग्यसेवेसाठीची कपात) लागतं, पण प्रीटॅक्स हप्त्यावर आणि पगारातून गेलेल्या एचएसएवर तेही लागत नाही. म्हणजे नुसत्या त्या ६,००० वरच ७.६५ टक्क्यांनी ४५९ डॉलर वाचले, इन्कम टॅक्स वेगळाच. हे गणित जुळत नसेल तर आधी पेरोलला विचारा, रिटर्न नंतर भरा. एकदा रिटर्न गेलं आणि मग दुरुस्त केलेला डब्ल्यू-२सी आला की सुधारित रिटर्न भरायचा ताप मागे लागतो.

कंपनीने भरलेल्या हिश्श्यावर टॅक्स का नाही हेही जाता जाता सांगतो. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर सरकारने मर्यादा घातली, तेव्हा माणसं टिकवायला कंपन्या विमा द्यायला लागल्या, आणि पुढे १९५४ च्या टॅक्स कायद्यातल्या कलम १०६ ने मालकाने भरलेला आरोग्यविम्याचा पैसा कामगाराच्या उत्पन्नात धरायचा नाही हे पक्कं केलं. तुमच्या पगारातून कापलेला हप्ता प्रीटॅक्स होतो तो वेगळ्या कलमाने, १२५ ने, आणि त्यासाठी कंपनीने तसा प्लॅन कागदोपत्री केलेला असावा लागतो. म्हणूनच पेस्लिप बघा म्हणतोय.

आता आपल्यातले बरेच जण छोट्या कन्सल्टन्सीतून एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) असतात, त्यांच्या डब्ल्यू-२ वर डीडी नसतोच कधी कधी, आणि मग वेगळीच काळजी सुरू होते की कंपनीने काही लपवलं का. आदल्या वर्षी २५० पेक्षा कमी डब्ल्यू-२ काढलेल्या कंपनीला डीडी दाखवायची सक्ती नाही, त्यामुळे तो नसण्याने तुमचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसरीकडे. काही छोटे मालक म्हणतात तुझा तू विमा घे, आम्ही पगारात दरमहा थोडे वाढवून देतो. असे वाढवून दिलेले पैसे हा सरळ पगारच, त्यावर पूर्ण टॅक्स. नियमात बसवलेली योजना असेल तर गोष्ट वेगळी, छोट्या कंपन्यांसाठीच्या परतफेड योजनेचा आकडा बॉक्स १२ मध्ये एफएफ कोडने येतो. तेव्हा ऑफर लेटर काढून नक्की काय लिहिलंय ते वाचून ठेवा.

एचएसए असेल तर जास्त वेळ इथे द्या. बॉक्स १२ मध्ये डब्ल्यू कोडपुढे जो आकडा असतो तो कंपनीने टाकलेले आणि तुम्ही पगारातून टाकलेले मिळून असतो, आणि लोक त्याला कंपनीचे पैसे समजून आपले पैसे एचएसएच्या फॉर्म ८८८९ वर पुन्हा वजावटीत टाकतात, म्हणजे एकाच पैशाची दोनदा सूट. असं होऊ देऊ नका. २०२५ साठी मर्यादा एकट्याच्या कव्हरेजला ४,३०० आणि फॅमिलीला ८,५५०, वय ५५ किंवा जास्त असेल तर वर १,०००. ही मर्यादा माणसाला आहे, नोकरीला नाही, त्यामुळे वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही डब्ल्यू-२ मधले डब्ल्यू कोडचे आकडे बेरीज करून बघा. नव्या पेरोलला जुन्या कंपनीत किती गेले ते माहीतच नसतं. जास्त गेले असतील तर रिटर्न भरायच्या मुदतीच्या आत ते जास्तीचे पैसे आणि त्यावरची कमाई काढून घ्या, नाहीतर दरवर्षी ६ टक्के दंड चालू राहतो.

नवरा-बायको दोघंही नोकरीत असतील तर अजून एक गोष्ट, आणि ही मी प्रत्येकाला सांगतो कारण ऐन ओपन एनरोलमेंटच्या (पुढच्या वर्षाचा विमा निवडायच्या मुदतीच्या) घाईत ती सुटते. एकाने हाय डिडक्टिबल प्लॅन (विम्याने पैसे देण्याआधी बराच खर्च स्वतः करायचा असतो असा) घेऊन एचएसए उघडलं आणि दुसऱ्याने आपल्या कंपनीत साधं हेल्थ एफएसए (कंपनीतर्फे औषधोपचारासाठीचं प्रीटॅक्स खातं) घेतलं, तर पहिल्याची एचएसएत पैसे टाकायची पात्रताच जाते, कारण ते एफएसए जोडीदाराचाही खर्च देऊ शकतं. फक्त दात-डोळ्यांपुरतं मर्यादित एफएसए असेल तर चालतं. तेव्हा दोघांच्या बेनिफिट्सच्या निवडीचे कागद एकत्र घेऊन बसा, वेगवेगळ्या लॅपटॉपवर नाही. दोघांकडे फॅमिली प्लॅन आणि दोन एचएसए असली तरी २०२५ ची ८,५५० ही दोघांची मिळून मर्यादा.

एचएसएतून पैसे काढले असतील तर त्या रकमेचा फॉर्म १०९९-एसए येईल, आणि पावत्यांची फाइल तुम्हालाच ठेवायची आहे, बँक ठेवत नाही. भारतात गेल्यावर पुण्यात रूट कॅनल करून आलात? तो खर्च चालतो, उपचार परदेशात झाले म्हणून अडत नाही. पण क्लिनिककडून नीट बिल मागा, पेशंटचं नाव, तारीख, काय काम केलं, किती रुपये घेतले, आणि त्या दिवसाचा डॉलरचा दर त्यावरच पेनाने लिहून ठेवा. चिठ्ठीवर नुसतं "जमा १२,०००" लिहिलेलं असेल तर पुढे कोणी विचारलं तर काय दाखवणार. आणि आई-बाबांच्या हॉस्पिटलचं बिल एचएसएतून भरू नका. ते भारतात राहतात, अमेरिकेच्या नियमाने तुमचे डिपेंडंट (टॅक्ससाठी तुमच्यावर अवलंबून धरलेले) होत नाहीत, आणि तसे काढलेले पैसे उत्पन्नात धरून वर २० टक्के दंड लागतो. त्यांच्या भारतातल्या मेडिक्लेमच्या हप्त्याची पावती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, भारतात रिटर्न भरत असाल आणि जुनी करप्रणाली घेत असाल तर ८०डी साठी (आरोग्यविम्याच्या हप्त्याच्या वजावटीसाठी) ती लागेल. ते इकडे भेटायला येतात तेव्हाचा व्हिजिटर इन्शुरन्स इथल्या रिटर्नमध्ये कुठेच बसत नाही.

मग स्टेटचा बॉक्स १६, म्हणजे राज्याच्या टॅक्ससाठी धरलेला पगार. न्यू जर्सीत आपले लोक भरपूर, म्हणून मुद्दाम सांगतो. न्यू जर्सी प्रीटॅक्स हप्ता मानत नाही आणि एचएसएही मानत नाही, त्यामुळे वरच्या उदाहरणात बॉक्स १ ला १,०१,००० असले तरी न्यू जर्सीचा आकडा १,१०,००० येईल. ही पेरोलची चूक नाही, फोन करून भांडू नका. पण तो हप्ता तिथे टॅक्स भरून गेलेला असल्यामुळे तो न्यू जर्सीच्या मेडिकल वजावटीत धरता येतो, उत्पन्नाच्या २ टक्क्यांवरचा खर्च, आणि ही सूट कितीतरी लोक घेतच नाहीत. कॅलिफोर्निया हप्ता प्रीटॅक्स मानते पण एचएसए नाही, तिथे आकडा १,०४,००० येईल. फेडरल रिटर्नमध्ये मात्र प्रीटॅक्स हप्ता मेडिकल खर्चात पुन्हा टाकायचा नाही. तिथे मर्यादा उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांची आहे आणि ती आयटमाइज करणाऱ्यांनाच (सरसकट वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवणाऱ्यांनाच) लागू, त्यामुळे बहुतेकांनी त्यात वेळ घालवू नये.

पुढचा कागद १०९५-सी, कंपनीने देऊ केलेल्या विम्याची माहिती देणारा. पन्नास किंवा जास्त फुलटाइम कामगार असलेल्या कंपन्या तो काढतात, आता मागितल्यावर दिला तरी चालतो म्हणून आपोआप घरी येईलच असं नाही, पोर्टलवर बघा किंवा एचआरला मेल टाका. रिटर्नला जोडायचा नाही, जपून ठेवायचा. विमा नसल्याचा फेडरल दंड २०१९ पासून शून्य आहे, पण न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि वॉशिंग्टन डीसी यांचे स्वतःचे नियम आहेत. न्यू जर्सीच्या रिटर्नला त्यासाठी वेगळं शेड्यूल असतं, मॅसॅच्युसेट्समध्ये विमा असल्याचा १०९९-एचसी नावाचा कागद येतो. एच-४ वरच्या (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) जोडीदाराचं आणि मुलांचं नाव, नंबर किंवा जन्मतारीख या कागदांत बरोबर आहे का बघा. विमा कंपनीकडून १०९५-बी येत असेल तर कुटुंबाची नावं त्यात सापडतील.

बारीकसारीक गोष्टी पटकन. कंपनीने ५०,००० डॉलरच्या वरचा ग्रुप लाइफ इन्शुरन्स दिला असेल तर सी कोडने जो आकडा येतो तो खरंच टॅक्सेबल असतो आणि बॉक्स १ मध्ये आधीच धरलेला असतो, पुन्हा मिळवू नका. लग्न न झालेल्या पार्टनरला विम्यात घेतलं असेल आणि तो किंवा ती तुमची डिपेंडंट नसेल तर कंपनीने दिलेल्या त्या कव्हरची किंमत तुमच्या पगारात मिळवतात. मुलगा किंवा मुलगी सव्वीस वर्षांची होते त्या वर्षाच्या शेवटापर्यंत त्यांच्या कव्हरवर टॅक्स नाही, मग ती डिपेंडंट असोत वा नसोत.

आणि ज्यांची नोकरी वर्षाच्या मध्ये गेली त्यांनी तर हे आजच करा. पोर्टलचा ॲक्सेस चालू आहे तोवर सगळ्या पेस्लिपा, बेनिफिटचे कागद, आधीचे डब्ल्यू-२ डाउनलोड करून घ्या, आणि पेरोलला नवा पत्ता, पुण्याचा असो की ऑस्टिनचा, लेखी कळवा, कारण डब्ल्यू-२ जुन्या अपार्टमेंटमध्ये जाऊन पडला की हाती यायला मार्च उजाडतो. कोब्राचं (नोकरी गेल्यावरही कंपनीचाच विमा चालू ठेवायच्या सोयीचं) पत्र आलं असेल तर निवड करायला साठ दिवस असतात, सहसा अठरा महिन्यांपर्यंत कव्हर मिळतं, हप्ता पूर्ण आपला आणि टॅक्स भरलेल्या पैशातून. एच-१बी वर नवी नोकरी शोधायला मिळालेल्या साठ दिवसांचं घड्याळ चालू असताना एवढा मोठा हप्ता बघून पोटात गोळा येतो, पण एचएसएत पैसे साठले असतील तर कोब्राचा हप्ता त्यातून भरता येतो आणि त्यावर टॅक्सही नाही, दंडही नाही. हे एचआरवाले शेवटच्या दिवशी सहसा सांगत नाहीत, म्हणून त्या पत्राबरोबर एचएसएचं स्टेटमेंटही काढून ठेवा.