गारमेंट रिसर्चमध्ये नवीन आलात? आधी कूलरकडे बघा

टेक्सटाईल नाहीतर फॅशन करून नुकतंच डेझर्टेशन किंवा पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालंय आणि विषय शिवणीचा, कापडाच्या वागणुकीचा नाहीतर नवीन कपडा डेव्हलप करण्याचा घेतलाय, अशा लोकांसाठी लिहितेय. ताणा-बाणा (कापडाचे उभे-आडवे धागे), ३०१ लॉकस्टिच (साध्या मशीनचा सरळ टाका), जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालते. मी धुळ्यात राहून काम करतेय, थिसिसचं शेवटचं चॅप्टर अजून बोकांडी बसलेलंच आहे, त्यामुळे मधेच चिडचिड जाणवली तर मनावर घेऊ नका.

विषयाबद्दल फार बोलत नाही, पण एवढं सांगते की शंभर बायकांना प्रश्नावली वाटून, टक्केवारीचे रंगीत पाय-चार्ट काढून होतं त्याला मी तरी कपड्यावरचा रिसर्च म्हणत नाही, कोणाला राग आला तर येऊ दे. आपल्याकडे विषय शोधायला लांब जायलाच नको. कापूस वेचणाऱ्या बाया साडीवरून घरातल्या माणसाचा जुना शर्ट घालतात, तो शर्ट एकदा हातात घेऊन बघा. बगल खाली उतरलेली, त्यामुळे हात पुढे केला की अख्खा शर्ट ओढला जातो आणि फाटतो तो बहुतेक वेळा बाहीच्या मागच्या बाजूला. आता त्यात प्रश्न किती निघतात बघा: बगल किती वर घ्यायची, मागे प्लीट द्यायची का, शिवण कुठली, कापड सुती की मिक्स, घाम आल्यावर ते अंगाला कसं चिकटतं. एका शर्टात पूर्ण पीएचडी आहे.

आता खरी गोष्ट. यात माझा एक अख्खा सीझन गेला म्हणून जरा लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

कापडाचं कुठलंही माप घेताना हवा ठरलेली लागते. स्टँडर्ड सांगतं ६५ टक्के आर्द्रता आणि २० डिग्री, आपल्यासारख्या गरम देशासाठी २७ डिग्री. हे सगळ्यांनी एमएस्सीला पाठ केलेलं असतं, पेपरात लिहून मार्कही घेतलेले असतात. आणि मग मे महिन्यात प्रत्यक्ष टेस्टिंगला बसतो तेव्हा बाहेर पारा ४३-४४ ला, दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, आणि खोलीत काय असतं? कूलर! माणूस वाचला पाहिजे म्हणून लावतो, त्यात चुकीचं काहीच नाही, पण खस ओली झाली की त्या खोलीतली आर्द्रता कुठल्या कुठे जाते. कूलरसमोरच्या टेबलावरचं सॅम्पल वेगळं, कपाटातलं वेगळं, आणि मधेच लाईट गेली की दोन्ही पुन्हा वेगळी. एकाच ताक्यातल्या कापडाची सकाळची आणि दुपारची बेंडिंग लेंथ (कापड किती ताठ आहे ते सांगणारं माप) जुळेना. गाईडना दाखवलं तर उत्तर आलं की हात बसला नाही, अजून सॅम्पल कापा. मग कापत बसले. ऑगस्टमध्ये तेच कापड परत तपासलं तर तिसरेच आकडे आले.

कारण साधं आहे. कापूस हवेतलं पाणी धरतो. त्याचा ठरलेला मॉइश्चर रिगेन, म्हणजे कोरड्या वजनाच्या किती टक्के पाणी धरतो ते, ८.५ टक्के, पॉलिस्टरचा जेमतेम ०.४. म्हणजे १५० जीएसएमचं सुती कापड कोरड्या मे महिन्यात आणि भर पावसाळ्यात वजन केलं तर नुसत्या हवेमुळे आठ-दहा ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतं. वजनावरच थांबत नाही. पाणी धरलं की तंतू मऊ पडतो, आणि फुगल्यामुळे धागा दाटही होतो, सुती धाग्याची ताकद वाढते, व्हिस्कोसची (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) उलट घटते, ओलं व्हिस्कोस तर निम्म्याच्या आसपास येतं. आता यात क्यूबचा घोळ बघा. कॅन्टिलिव्हर टेस्टमध्ये २५ मिलिमीटर रुंद पट्टी कडेबाहेर सरकवून स्वतःच्या वजनाने ४१.५ डिग्रीपर्यंत वाकू देऊन बेंडिंग लेंथ काढतो, आणि फ्लेक्झरल रिजिडिटी (कापडाचा वाकायला होणारा विरोध) काढताना तिचा घन करून जीएसएमने गुणतो. बेंडिंग लेंथमध्ये पाच टक्के फरक पडला की रिजिडिटीमध्ये जवळपास सोळा टक्के फरक, त्यावर जीएसएमची चूक वेगळी. तुमच्या दोन फिनिशमधला किंवा दोन कापडांमधला खरा फरकच कधीकधी एवढा असतो. म्हणजे तुम्ही आनंदाने लिहिणार की सॉफ्टनरने कापड मऊ झालं, आणि मऊ केलंय कूलरने.

मग करायचं काय, कंडिशनिंग रूम, म्हणजे ठरलेली हवा राखणारी खोली, तर प्रत्येक कॉलेजात नसते. मी जे केलं ते सांगते.

सगळ्यात पहिले डिजिटल हायग्रोमीटर घ्या, स्वस्तात मिळतो, आणि प्रत्येक रीडिंगशेजारी वहीत आर्द्रता आणि तापमान लिहा. दुसरं, एक साक्षीदार ठेवा. शंभर टक्के पॉलिस्टरचं एक कापड आणि तुमच्याच ताक्यातलं काहीही न केलेलं सुती कापड, दोन्हीच्या पट्ट्या कापून बाजूला ठेवायच्या आणि प्रत्येक वेळी टेस्टिंगला बसलं की आधी त्या तपासायच्या. पॉलिस्टर जागेवर आणि सुती हललं तर दोष हवेचा, दोन्ही हलले तर मात्र तुमचा हात नाहीतर मशीन. मला कोणी हे आधी सांगितलं असतं तर "हात बसला नाही" ऐकून एवढी रडले नसते.

तिसरं जरा किचकट आहे. ओल्या बाजूने ६५ टक्क्यांवर आलेलं सुती कापड आणि कोरड्या बाजूने आलेलं, दोघांत पाणी सारखं नसतं, ओल्या बाजूने आलेलं जास्त धरून ठेवतं. म्हणून कापड आधी कोरडं करून घ्यायचं, १० ते २५ टक्के आर्द्रतेत, ५० डिग्रीच्या वर न जाता, आणि मग ठरलेल्या हवेत ठेवायचं. गंमत म्हणजे हे प्रीकंडिशनिंग खान्देशात मे महिन्याच्या दुपारी सावलीत फुकट होतं, तेवढाच एक फायदा. नंतर दोन-दोन तासांनी वजन करा, ओळीने दोन वजनांत पाव टक्क्यापेक्षा कमी फरक आला की सॅम्पल तयार.

मिठाच्या डब्याचा जुगाड पण लोक सांगतात. बंद डब्यात साध्या मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, सोडियम नायट्राइटचं ठेवलं तर ६५ च्या आसपास, पण ते विषारी आहे, घरी बिलकुल नको. डबा वजनासाठी ठीक, वाकवायच्या टेस्टला नाही, कारण पट्टी बाहेर काढून मशीनवर लावेपर्यंत ती खोलीतली हवा प्यायला सुरुवात करते. त्यापेक्षा छोटी खोली, दार बंद, कूलर बंद, आणि सकाळची वेळ. घाम येईल, येऊ द्या. आणि आर्द्रता तरीही ६५ ला आली नाही तर जी होती ती थिसिसमध्ये लिहा. खरा आकडा लिहिल्यामुळे कोणी नापास करत नाही.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका, उरलेलं यापेक्षा सोपं आहे, खरंच.

शिवणीकडे या. शिवणीला चुण्या पडल्या की नवीन माणूस सरळ टेन्शनची चकती फिरवतो. थांबा. आधी मशीनमध्ये दोरा न घालता दोन पट्ट्या शिवून बघा, तरी झोळ आला तर दोऱ्याचा संबंध नाही, फीड (कापड पुढे सरकवणारे दाते) किंवा सुई बघा. दोरा घालून शिवलेल्या शिवणीचे टाके कापल्यावर कापड लांब झालं तर दोरा ताणून बसला होता. शिवताना सपाट आणि धुतल्यावर चुण्या, तर कापड आणि दोरा वेगवेगळे आटतायत, किंवा वरचं कापड आणि अस्तर. आणि दाट विणीच्या पॉपलिनमध्ये सुईदोऱ्याला शिरायलाच जागा नसते, तिथे टेन्शन कितीही सैल करा, बारीक सुई आणि बारीक दोरा याशिवाय इलाज नाही, नाहीतर कापड थोडं तिरकं कापून बघा. शिवणीची ताकद मोजताना नुसता आकडा लिहू नका, तुटलं काय तेही लिहा, दोरा तुटला का, कापड फाटलं का, की धागे नुसते सरकले. वेचणीच्या शर्टाच्या बाहीत धागे सरकत असतील आणि तुम्ही जाड दोरा सुचवला तर उपयोग शून्य, तिथे माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) वाढवायला लागते, नाहीतर शिवणीचा प्रकार बदलायला लागतो.

मेंटरबद्दल माझं मत जरा तिखट आहे. ज्या गाईडने आयुष्यात बॉबिन भरली नाही त्यांच्याकडून फॉरमॅटिंग शिका, मार्जिन आणि फॉन्ट ते उत्तम बघतात. शिवण शिकायला कटिंग मास्टर गाठा. मी ज्या मास्टरकडे जायची त्यांनी होजियरीचा ताका उघडून टेबलावर मोकळा टाकला आणि म्हणाले, "मॅडम, कपडाले रातभर पडू द्या, मंग कापा." पुस्तकात यालाच रिलॅक्सेशन म्हणून तीन पानं आहेत. अर्थात मास्टरांचं पण सगळं खरं नसतं, "सगळे ताके सेमच असतात" हेही तेच म्हणतात आणि ते साफ चूक आहे, लॉट बदलला की फिनिश बदलतं.

थ्रीडी सॉफ्टवेअर वाईट नाही, पण त्यातलं तयार "कॉटन" निवडून ड्रेप (कापडाची पडण) सुंदर आला म्हणून चॅप्टर लिहिणारे मी बघितलेत. ते कॉटन तुमचं नाही. वजन, वाकणं, ताणणं स्वतः मोजून टाकलं तरच त्या चित्राला अर्थ, आणि ते मोजायला परत वरचंच रामायण. शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन साठ्यावरून जुन्या थिसिसची मेथड जशीच्या तशी उचलू नका हेही सांगायला हवं, तिथे "सॅम्पल कंडिशन केले" एवढं एकच वाक्य असतं, आणि व्हायवात तुम्हाला विचारलं की कुठे आणि किती वेळ, तर काय सांगणार.

स्वतःकडे काहीच नसेल तर मुख्य टेस्ट बाहेरून करून घ्या. आपल्याला जवळची म्हणजे सुरतची मंत्रा ही कापड संशोधन संस्था, भुसावळ-सुरत लाईनवर असाल तर सरळ ट्रेनने जाऊन येता येतं, मुंबईला घाटकोपरची बीटीआरए ही तशीच संस्था आहे. पैसे लागतात, म्हणून सगळं पाठवू नका, ज्या आकड्यावर तुमचा निष्कर्ष उभा आहे तेवढंच पाठवा. विद्यार्थ्यांना सवलत आहे का ते आधी विचारा, लाजू नका. रिपोर्टमध्ये सरासरीसोबत प्रत्येक सॅम्पलचं रीडिंग मागा आणि टेस्टची हवा लिहून मागा. कापड पाठवताना ताण्याची दिशा न पुसणाऱ्या पेनने बाणाने दाखवा, काठाजवळचा भाग देऊ नका, आणि घडी घालू नका, पाईपवर गुंडाळून पाठवा, घडीची रेघ बेंडिंगमध्ये येते. ताका घेतानाच दुप्पट मीटर घ्या, कारण रिव्ह्यूअर वर्षभराने अजून पाच सॅम्पल मागतो आणि तोवर दुकानातला तो लॉट संपलेला असतो.