सर्व्हरची बूट डिस्क बदलायचीय? आधी एकदाच बूट करून बघा

नवीन एसएसडी टाकली, तिच्यावर सिस्टीमपण आली, तरी सर्व्हर जुन्याच डिस्कवरून उठतोय, मग बूट ऑर्डर, म्हणजे कुठल्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं तो क्रम, बदलावी लागते. काम फार मोठं नाहीये, पण माझं एक कळकळीचं सांगणं आहे, कायमची ऑर्डर बदलायच्या आधी नव्या डिस्कवरून फक्त एकदा बूट करून बघा.

बॅकअप तर घ्याच. लांबून काम करत असाल तर आयड्रॅक (डेलचं), आयएलओ (एचपीईचं), असं सर्व्हर लांबून सांभाळायचं जे काही असेल त्याचा कन्सोल आधीच उघडून ठेवा, कारण सर्व्हर उठला नाही की एसएसएच, म्हणजे नेहमीचं रिमोट लॉगिन, काही कामाचं नाही. आणि डिस्क ओळखायची ती सिरीयल नंबरवरून, लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए-एसडीबी ही नावं रिबूटनंतर बदलू शकतात.

मग बघायचं सर्व्हर बूट करायच्या नव्या पद्धतीत, म्हणजे यूईएफआय मोडमध्ये आहे, की जुन्या लेगसी बायॉसमध्ये. लिनक्सवर सिस (/sys) फोल्डरच्या आत फर्मवेअर आणि त्यात ईएफआय नावाचं फोल्डर दिसलं तर यूईएफआय. नवी डिस्क त्याच मोडची पाहिजे, म्हणजे यूईएफआयला फॅट३२ मधलं ईएफआय पार्टिशन लागतं आणि लेगसीला डिस्कच्या सुरुवातीला बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करणारा छोटा प्रोग्राम. डिस्क दिसत नाही म्हणून सेटअपमध्ये जाऊन मोडच बदलू नका, चालू असलेली सिस्टीमपण बहुतेक उठायची बंद होईल.

आता एकदाच बूट. डेल, एचपीई, सुपरमायक्रोच्या नव्या सर्व्हरवर चालू होताना एफ११ दाबलं की बूट मेन्यू येतो, लेनोवोवर एफ१२. लिनक्समधूनच करायचं असेल तर ईएफआय-बूट-एमजीआर (efibootmgr) कमांडला डॅश एन (-n) आणि बूट यादीतल्या एंट्रीचा नंबर द्या, पुढच्या एकाच रिबूटला ती एंट्री वापरली जाते, त्यानंतर परत जुनी ऑर्डर. इथे घोळ असा होतो की यूईएफआयच्या यादीत डिस्कचं नाही तर बऱ्याचदा सिस्टीमचं नाव असतं, आणि दोन्ही डिस्कवर उबुंटू असेल तर दोन एंट्र्या अगदी सारख्या दिसतात. अशा वेळी त्याच कमांडला डॅश व्ही (-v) लावून बघा, प्रत्येक एंट्रीसमोर पार्टिशनचा लांबलचक आयडी येतो, तो बीएलके-आयडी (blkid) कमांड दाखवते त्या पार्ट-यूयूआयडीशी (PARTUUID) जुळवायचा.

सर्व्हर उठला म्हणजे झालं असं धरू नका. बूटलोडर नव्या डिस्कचा आणि रूट पार्टिशन, म्हणजे मुख्य सिस्टीम असलेलं पार्टिशन, मात्र जुन्या डिस्कचं, असं होतं आणि वरवर सगळं नीट चालल्यासारखं दिसतं. फाइंड-एमएनटी (findmnt) कमांडला रूटचा स्लॅश देऊन बघा, रूट कुठून माउंट झालाय, म्हणजे कुठल्या पार्टिशनवरून जोडलाय, ते लगेच कळतं. डिस्क डीडी (dd) कमांडने जशीच्या तशी क्लोन केली असेल तर दोन्हींचे यूयूआयडी, म्हणजे पार्टिशन ओळखायचे आयडी, एकसारखे असतात, सिस्टीम कुठलीही उचलू शकते, म्हणून टेस्ट करताना सर्व्हर बंद करून जुनी डिस्क काढूनच ठेवा. नव्याने फाइल कॉपी केल्या असतील तर उलटं, एफएसटॅब (काय कुठे माउंट करायचं त्याची फाइल) आणि ग्रब या बूटलोडरच्या कॉन्फिगमध्ये जुना यूयूआयडी राहिलेला असतो, तो बदलून ग्रबचं कॉन्फिग आणि इनिट-रॅम-एफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी सिस्टीम) परत बनवा.

रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र करून चालवणारं कार्ड, असेल तर बायॉसला सहसा सुट्या डिस्क दिसत नाहीत, त्यांची मिळून बनलेली व्हर्च्युअल डिस्क दिसते. कुठल्या व्हर्च्युअल डिस्कवरून बूट व्हायचं ते बऱ्याच कार्डांवर त्या कार्डाच्या स्वतःच्या मेन्यूत ठरतं, त्यामुळे अशा वेळी बायॉसमध्ये कितीही शोधलं तरी तिथे सापडणार नाही.

सगळं बरोबर असेल तर आता कायमचा बदल. सेटअपमध्ये जा (डेलला एफ२, एचपीईला एफ९, लेनोवोला एफ१, सुपरमायक्रोला डिलीट) आणि नवी डिस्क सगळ्यात वर घ्या, नाहीतर ईएफआय-बूट-एमजीआरला डॅश ओ (-o) देऊन एंट्र्यांचे नंबर स्वल्पविराम टाकून हव्या त्या क्रमाने लिहा. क्लोन नसेल तर जुनी डिस्क काही दिवस दुसऱ्या नंबरवर राहू द्या. पण ती पुसायच्या आधी बूट-ईएफआय (/boot/efi, ईएफआय पार्टिशन जिथे जोडलं जातं ते फोल्डर) कुठल्या डिस्कवरून माउंट होतंय ते नक्की बघा, बऱ्याचदा तेवढंच एक पार्टिशन जुन्या डिस्कवर राहून गेलेलं असतं आणि डिस्क पुसली की पुढच्या रिबूटला सर्व्हर उठतच नाही.