विकत घेतलेला गेम आपल्या डिस्कवर कसा राखायचा

धनकवडीतल्या आमच्या सोसायटीत कुणाचा पीसी अडला की पोरं माझ्याकडे येतात. तक्रारी ठरलेल्या. ताई, शनिवारी रात्री खेळायला बसलो तर आधी अपडेट मागतोय. अपडेट झालं आणि मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेले बदल, चालेनात. जुना गेम विंडोज अकरावर उघडतच नाही. मी सगळ्यांना एकच सांगते: स्टीमसारख्या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या लायब्ररीत नाव दिसतं म्हणून गेम आपला होत नाही. नेट काढून जो सुरू होतो, तो आपला.

युबिसॉफ्ट कंपनीने आपल्या 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, तेव्हा पैसे मोजलेल्यांच्याही हातात काही उरलं नाही. एकट्याने खेळायचा भागसुद्धा सर्व्हरवाचून चालत नव्हता. मला याचा अजून राग येतो.

तर आधी तपासा. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक करून 'ब्राउझ लोकल फाइल्स' घ्या, म्हणजे त्याचा फोल्डर उघडेल. मग स्टीम पूर्ण बंद करा. नुसती खिडकी मिटून चालत नाही, खाली घड्याळाशेजारच्या चिन्हावरून 'एक्झिट' करायचं. नेटची केबल काढा आणि फोल्डरातली एक्झी फाइल, म्हणजे गेम सुरू करणारी .exe फाइल, थेट चालवा. मेनू आला, जुनी सेव्ह उघडली, की तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. स्टीमच उघडायला लागलं तर त्या गेमला स्टीमचं कुलूप आहे. तरी कॉपी ठेवाच. फोल्डर परत जागेवर टाकून इन्स्टॉल दाबलं की स्टीम आहेत त्या फाइल्स तपासून घेतं, सगळं नव्याने उतरवत नाही.

तोच गेम जीओजी (GOG) या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मिळत असेल तर मी तिथूनच घेते. तिथे कुलूप नसलेला ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. मोठ्या गेमचे तुकडे असतात: एक एक्झी आणि तिच्यासोबत .bin नावाच्या फाइल्स. सगळे एकाच फोल्डरात हवेत, एक राहिला तरी इन्स्टॉल अर्ध्यात थांबतं. डिस्कची मांडणी फॅट३२ (FAT32) प्रकारची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून रिकामी असतानाच ती एक्सफॅट (exFAT) मांडणीत फॉरमॅट करा. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार असेल त्या सकाळी कॉपी लावू नका.

मॉड लावलेल्या गेमसाठी स्टीममधल्या त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सुरू करेन तेव्हाच अपडेट' हा पर्याय निवडा. मात्र स्टीममधून सुरू केलात की अपडेट होणारच, तेव्हा कुलूप नसेल तर एक्झीवरूनच चालवा. काही गेम्समध्ये 'बेटाज'खाली जुनी आवृत्ती दिलेली असते, तिथेही बघा.

सेव्ह फाइल्स मात्र लोक हमखास विसरतात. त्या बऱ्याचदा गेमच्या फोल्डरात नसतातच. डॉक्युमेंट्समधलं 'माय गेम्स', 'सेव्ह्ड गेम्स' आणि ॲपडेटा या तीन जागा बघा. ॲपडेटा लपवलेला असतो, व्ह्यूमधून 'हिडन आयटम्स' चालू केल्यावर दिसतो. क्लाउडवर विसंबू नका: इथे सेव्ह खराब झाली तर तीच खराब सेव्ह वर जाऊन बसते.

घरात जुन्या सीड्या असतील तर त्यांतल्या सेफडिस्कवाल्या, म्हणजे नक्कल रोखणारं ते संरक्षण असलेल्या, विंडोज दहापासून पुढे चालत नाहीत. सीडी चांगली असते, तिचं संरक्षण तपासणारा ड्रायव्हरच विंडोजने काढून टाकला आहे. असे बरेच गेम जीओजीवर दुरुस्त होऊन आलेत. आणि 'डी३डीएक्स९_४३ डीएलएल सापडत नाही' असं आलं तर गेमला लागणारी ती सुटी डीएलएल फाइल कुठल्याही साइटवरून उचलून टाकू नका, व्हायरस तसेच येतात. अशा फाइल्स एकत्र देणारा मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स रनटाइम लावा. त्याचा इन्स्टॉलरही त्याच डिस्कवर ठेवून द्या.