वाशीहून मेसेलच्या खाणीला जाताय? मग हे वाचा

फ्रँकफर्टला कुणाकडे जाणार असाल तर डार्मश्टाटजवळची, जीवाश्मांसाठी नावाजलेली मेसेलची जुनी खाण बघाच, 1995 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि त्याआधी तिथे कचरा टाकायचा प्लॅन होता, घ्या आता! खड्ड्यात गाईडेड टूरनेच उतरता येतं, त्यामुळे आधी बुकिंग करा. आपल्या नवी मुंबईच्या पारसिक डोंगरातल्या खाणींसारखा काळा दगड शोधत बसू नका, आपला तो लाव्हा, त्यात जीवाश्म कुठले मिळणार. इथे तळ्याच्या गाळाचे पातळ पापुद्रे आहेत, साधारण 4.8 कोटी वर्षांपूर्वीचे, त्यात छोटे घोडे, वटवाघळं अख्खीच्या अख्खी सापडलीत. दगड खिशात टाकायचा नाही हं, तसाही वाळला की तडकून भुगा होतो, म्हणून तर तिथले संशोधक हाडांचा सापळा रेझिनवर, म्हणजे घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेवर, उतरवून घेतात. बूट मात्र दणकट घाला.